स्वरचित इन्शुलिन-यंत्रणा : एका स्वावलंबनाची कारणमीमांसा

2013 ते 2015 या अल्प कालावधीत अमेरिकेतील काही मधुमेह्यांनी व त्यांच्या आप्तांनी, शरीरात सोडावयाच्या इन्शुलिनचे प्रमाण आपोआप ठरविणारी यंत्रणा स्वतःच सिद्ध केली. नोव्हेंबर 2013 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात भरलेल्या एका मेळाव्यात ‘आम्ही वाट पाहत बसणार नाही’ अशा आशयाचे घोषवाक्य पुढे आले, आणि तेव्हापासून या घटनेचे कारण उत्पादकांची दिरंगाई व रुग्णांची अधीरता असे सांगण्याचा प्रघात पडला. हे स्पष्टीकरण खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे. अधीर रुग्ण सर्वच व्याधींत आढळतात. मधुमेह्यांमध्येच हा उद्योग एवढा का रुजला, याचा उलगडा करावयाचा तर थोडे मागे जावे लागते.

जानेवारी 1922 मध्ये टोरोंटो येथे लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलास इन्शुलिन टोचण्यात आले व पहिल्या प्रकारच्या मधुमेहाने अटळ ठरविलेला मृत्यू टळू लागला. तथापि या औषधाचे स्वरूप इतर औषधांहून भिन्न आहे. मात्रा कमी पडली तर रक्तातील साखर वाढून कालांतराने इंद्रिये निकामी होतात. अधिक झाली तर साखर उतरून काही तासांतच शुद्ध हरपते, क्वचित प्राणही जातात. योग्य मात्रा आहार, श्रम, ज्वर, निद्रा यांनुसार बदलते. सारांश, एकदा लिहून दिलेली मात्रा येथे पुरत नाही. निर्णय दररोज, अनेकवार घ्यावा लागतो आणि त्या वेळी वैद्य जवळ नसतो.

हा निर्णय घेण्याचे साधन रुग्णाच्या हाती कसे आले, याचा इतिहास बोधप्रद आहे. रिचर्ड बर्नस्टाइन हे बालपणापासून मधुमेह जडलेले अमेरिकन अभियंते. 1969 साली त्यांना रक्तशर्करा मोजणाऱ्या एका उपकरणाची माहिती मिळाली. ते केवळ वैद्यकीय व्यावसायिकांनाच विकले जात असे. पत्नी डॉक्टर असल्यामुळे तिच्या नावे त्यांनी ते मागविले व दिवसातून अनेकदा स्वतःची तपासणी करून मात्रा बदलण्यास आरंभ केला. त्यांच्या निष्कर्षांना वैद्यकीय नियतकालिकांनी थारा दिला नाही, तेव्हा चाळिशी उलटल्यावर त्यांनी वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला. पुढे घरगुती तपासणी हीच सर्वमान्य पद्धती झाली.

1993 साली या पद्धतीवर शास्त्रीय मान्यतेची मुद्रा उमटली. अमेरिका व कॅनडा येथील 1441 रुग्णांवर झालेल्या प्रदीर्घ चाचणीत असे दिसून आले की, काटेकोर नियंत्रणाने डोळे, मूत्रपिंडे व मज्जातंतू यांचे विकार पुष्कळच कमी होतात. परंतु त्याच चाचणीत साखर धोकादायकरीत्या उतरण्याचे गंभीर प्रसंग सुमारे तिपटीने वाढले. म्हणजे वैद्यकाने रुग्णास एक कठीण कर्तव्य नेमून दिले आणि त्या कर्तव्याचा धोकाही त्याच्याच पदरी टाकला. दिवसा हा धोका ओळखता येतो. झोपेत तो ओळखणारा कोणी नसतो.

पहिली स्वरचित साधने नेमकी याच ठिकाणी उद्भवली. त्वचेखाली बसवून दर पाच मिनिटांस साखरेचा अंदाज देणारे संवेदक तोवर बाजारात आले होते. 2013 मध्ये न्यूयॉर्क राज्यातील जॉन कॉस्टिक या संगणक-तज्ज्ञाने, आपल्या लहान मुलाचे आकडे कामाच्या ठिकाणी दिसावेत म्हणून ते दूरवर पाठविण्याची युक्ती केली. सिअ‍ॅटल येथे एकट्या राहणाऱ्या डेना लुईस यांना संवेदकाच्या मंद गजराने जाग येत नसे. स्कॉट लाइब्रँड यांच्या साहाय्याने, कॉस्टिक यांच्याच आज्ञावलीचा उपयोग करून, त्यांनी मोठा गजर सिद्ध केला. त्यावर भाकीत करणारे गणित रचले गेले. बेन वेस्ट यांनी कित्येक वर्षे खपून जुन्या इन्शुलिन-पंपाची संदेशभाषा उकलली होती. तिच्या आधारे डिसेंबर 2014 मध्ये गणिताचा निर्णय थेट पंपापर्यंत पोहोचला. फेब्रुवारी 2015 मध्ये ‘ओपनएपीएस’ या नावाने ही रचना सर्वांस खुली करण्यात आली.

हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. प्रथम दूरदर्शन, मग गजर, नंतर भाकीत आणि अखेरीस नियंत्रण. यंत्राने शरीराचा ताबा घ्यावा, अशी आकांक्षा आरंभी नव्हती. जागरणाचा भार कोणावर तरी सोपवावा, एवढीच गरज होती. रचनेतील सावधपणाही याची साक्ष देतो : पंपास दिलेली आज्ञा अर्ध्या तासापुरतीच असे, संपर्क तुटला तर पंप आपल्या पूर्वनियोजित गतीवर परत येई.

केवळ अधीरता हेच कारण असते, तर सप्टेंबर 2016 मध्ये मेडट्रॉनिकच्या तशाच यंत्रास अमेरिकेत मान्यता मिळताच हा उद्योग ओसरावयास हवा होता. तसे घडले नाही. त्या यंत्रात 120 मिलिग्रॅम हे नेहमीचे लक्ष्य सर्वांसाठी एकच ठेवलेले होते. वर्षानुवर्षे स्वतः निर्णय घेणाऱ्या रुग्णास श्रम सोपवावयाचे होते. विवेक सोपवावयाचा नव्हता.

या मार्गातील धोके नाकारता येत नाहीत. जुन्या पंपांचे जे दुबळे कुलूप या रचनाकारांस उपयोगी पडले, तेच परक्यासही उघडता येईल, म्हणून 2019 मध्ये ते पंप परत मागविण्यात आले. त्याच वर्षी, एका रुग्णास अतिरिक्त इन्शुलिन गेल्यानंतर, अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अनधिकृत जुळणीविरुद्ध इशारा दिला. शिवाय आज्ञावली स्वतः जुळविण्यास लागणारे ज्ञान, फुरसत व पैसा सर्वांपाशी नसतो. तथापि 2022 साली प्रसिद्ध झालेल्या, न्यूझीलंडमधील 97 रुग्णांच्या चाचणीत या खुल्या गणितावरील यंत्रणा वापरणाऱ्यांची साखर इष्ट मर्यादेत राहण्याचा काळ तुलनेच्या गटाहून 14 टक्के-अंकांनी, म्हणजे दिवसाकाठी सुमारे तीन तास वीस मिनिटांनी, अधिक भरला. जानेवारी 2023 मध्ये अशाच एका खुल्या रचनेतून निघालेल्या ‘टाइडपूल लूप’ला उपरोक्त प्रशासनाने मान्यता दिली.

तात्पर्य, या घटनेस अज्ञांनी तज्ज्ञांविरुद्ध केलेले बंड म्हणणे इतिहासास धरून होणार नाही. मात्रा ठरविण्याचे काम रुग्णाकडे आधीच आले होते. प्रथम परिस्थितीने, आणि 1993 नंतर वैद्यकाच्याच आदेशाने. ज्यास चोवीस तासांची चाकरी नेमून दिली, त्याने रात्रपाळीसाठी एक साहाय्यक घडविला, असेच या उद्योगाचे यथार्थ वर्णन करावे लागेल.