स्थितिक विद्युत

पदार्थावर साठून राहिलेल्या, वाहत नसलेल्या विद्युत प्रभारास स्थितिक विद्युत असे म्हणतात. अशा प्रभारांचा व त्यांच्यामधील बलांचा अभ्यास करणारी भौतिकशास्त्राची शाखा म्हणजे स्थितिक विद्युतशास्त्र होय.

घासलेले अंबर हलक्या वस्तू ओढून घेते, हे प्राचीन ग्रीकांना ठाऊक होते. 'इलेक्ट्रॉन' हा शब्द अंबराच्या ग्रीक नावावरूनच आला आहे. संस्कृतात अंबरास 'तृणमणी' म्हणतात, त्या नावातही हाच गुणधर्म दडलेला आहे.

प्रभार दोन प्रकारचे असतात. रेशमाने घासलेल्या काचेवरील प्रभारास धन, तर लोकरीने घासलेल्या एबोनाइटवरील प्रभारास ऋण म्हणतात. ही नावे बेंजामिन फ्रँकलिन यांनी रूढ केली. घासल्यामुळे प्रभार 'निर्माण होतो' असे विद्यार्थी हमखास लिहितात, ते चूक आहे. इलेक्ट्रॉन एका वस्तूवरून दुसरीवर जातात. एकूण प्रभार तेवढाच राहतो. यास प्रभाराच्या अक्षय्यतेचा नियम म्हणतात.

सजातीय प्रभार एकमेकांस दूर लोटतात, विजातीय प्रभार आकर्षून घेतात. चार्ल्स कूलोम यांनी १७८५ मध्ये पीळ-तुलेच्या साहाय्याने या बलाचे मापन केले. दोन बिंदुप्रभारांमधील बल त्यांच्या गुणाकाराच्या सम प्रमाणात व अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. अंतर दुप्पट केल्यास बल एकचतुर्थांश होते. निर्वातात एकमेकांपासून १ मीटर अंतरावर असलेल्या, प्रत्येकी १ कूलोमच्या प्रभारांमध्ये सुमारे ९०० कोटी न्यूटन, म्हणजे जवळजवळ नऊ लाख टन वजनाइतके बल असेल. यावरून कूलोम हे एकक किती मोठे आहे हे ध्यानात येते. घासलेल्या कंगव्यावरील प्रभार त्याच्या कोट्यंशाच्या आसपास असतो.

मग कंगवा प्रभाररहित कागदाचे कपटे कसा उचलतो? ऋण प्रभारित कंगवा जवळ येताच कागदाच्या रेणूंमधील इलेक्ट्रॉन किंचित दूर सरकतात. कंगव्याकडील बाजू धन व पलीकडील ऋण बनते. धन बाजू अधिक जवळ असल्याने आकर्षण प्रतिकर्षणावर मात करते. म्हणूनच आकर्षण दिसले एवढ्यावरून दोन्ही वस्तू प्रभारित आहेत असे ठरवता येत नाही; प्रतिकर्षण हीच खरी कसोटी. पाठ्यपुस्तकांत हे एका ओळीत येते आणि वाचणाऱ्याच्या नजरेतून निसटते.

संवाहकावरील स्थिर प्रभार केवळ बाह्य पृष्ठभागावर राहतो व आतील विद्युत क्षेत्र शून्य असते. मायकेल फॅरडे यांनी १८३६ मध्ये धातूच्या पत्र्याने मढवलेल्या पिंजऱ्यात स्वतः बसून हे पडताळले. वीज कडाडत असताना बंद मोटारगाडीत माणूस बराच सुरक्षित असतो तो धातूच्या सांगाड्यामुळे, रबरी टायरांमुळे नव्हे.

हे प्रयोग कोरड्या हवेत उत्तम साधतात. महाराष्ट्रात ते थंडीच्या दिवसांत करावेत. पावसाळ्यात वस्तूंच्या पृष्ठभागावर ओलाव्याचा पातळ थर बसतो, त्यातून प्रभार निघून जातो आणि कपटे जागचे हलत नाहीत.