निअँडरथालचं देणं

२०२१च्या एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे घरोघरी एकच प्रश्न विचारला जात होता. एका छपराखाली राहणारे दोन भाऊ, ताटात तेच, हवा तीच, एकाच आठवड्यात दोघं पॉझिटिव्ह. एकाला दोन दिवस नुसती कणकण, दुसरा ऑक्सिजनवर. असं का? आमच्याकडे हे दोघं म्हणजे माझे दोन काका. थोरले गेले. दहाव्याला व्हिडिओ कॉलवर जमलेल्या नातेवाइकांनी आपापली उत्तरं दिली: नशीब, वेळ, 'दादाची प्रकृती पहिल्यापासून तोळामासाच'. बारावी सायन्सचा एक चुलतभाऊ म्हणाला, "जीन्समध्ये असतं ते." मला त्याचा राग आला होता. पण सगळ्या उत्तरांमध्ये तपासून बघता येण्यासारखं तेवढंच एक होतं, म्हणून मी त्याच्या मागे लागले.

हा प्रश्न करोनाच्या बराच आधीचा आहे. मधुमेह घराण्यातून येतो, साथीचा रोग मात्र जंतूमुळे होतो, तिथं वारशाचा काय संबंध, अशी आपली सरळ वाटणी असते. १९८८ साली डेन्मार्कमधल्या संशोधकांनी तिला धक्का दिला. त्यांनी १९२०च्या दशकात जन्मून दत्तक गेलेल्या सुमारे हजार मुलांच्या नोंदी काढल्या. रक्त एका घरचं, ताट दुसऱ्या घरचं. याहून चांगला प्रयोग मुद्दाम मांडूनही जमला नसता. जन्मदात्यांपैकी कुणी पन्नाशीच्या आत संसर्गानं गेलं असेल, तर मुलाचाही तसा मृत्यू होण्याचा धोका पाचपटीहून जास्त निघाला. सांभाळणाऱ्या आईवडिलांच्या अशा मृत्यूचा तसा परिणाम दिसला नाही.

मग २०२०. इटली आणि स्पेनमधली रुग्णालयं ओसंडून वाहत असताना तिथल्या डॉक्टरांनी श्वास बंद पडत आलेल्या रुग्णांच्या रक्ताचे नमुने गोळा केले. १,६१० रुग्णांचा डीएनए दोन हजारांहून अधिक इतर लोकांच्या डीएनएशी ताडून पाहिला गेला आणि जूनमध्ये निष्कर्ष छापूनही आले. फरक दोन ठिकाणी ठळक होता. एक रक्तगटाच्या जनुकापाशी. त्यावरून आपल्या फॅमिली ग्रुपांवर 'ओ'वाल्यांनी जी मिरवामिरवी केली ती सोडून देऊ. दुसरा तिसऱ्या गुणसूत्रावर, सहा जनुकांच्या एका वस्तीत. हा दुसरा फरक जास्त बोलका होता.

त्याच उन्हाळ्यात नेदरलँड्समध्ये सख्ख्या भावांच्या दोन जोड्या आयसीयूत दाखल झाल्याचं प्रसिद्ध झालं. चौघंही पस्तिशीच्या आतले, धडधाकट. एक वाचला नाही. त्यांच्या एक्स गुणसूत्रावरचं 'टीएलआर७' हे जनुक बिघडलेलं निघालं. विषाणू आत शिरल्याची पहिली वर्दी देणाऱ्यांपैकी ते एक. असे दोष फार दुर्मीळ. तिसऱ्या गुणसूत्रावरचा तुकडा मात्र दुर्मीळ नव्हता, आणि इथून गोष्ट एकदम मागे जाते.

स्वांते पेबो हा स्वीडिश शास्त्रज्ञ अनेक वर्षं जुनी हाडं कुटून त्यातून डीएनए काढण्याच्या नादात होता. २०१०मध्ये त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी निअँडरथाल माणसाच्या जनुकसंचाचा मसुदा मांडला. आफ्रिकेबाहेरच्या आपल्या पूर्वजांची निअँडरथालांशी मुलंबाळं झाली होती, हे त्यातून कळलं. निअँडरथाल संपले, पण त्यांच्या डीएनएचे तुकडे आपल्यात राहिले, एक-दोन टक्के. २०२२चं नोबेल पेबोला या कामासाठीच मिळालं.

२०२०च्या सप्टेंबरमध्ये ह्यूगो झेबर्ग आणि पेबोनं दाखवलं, की करोनात धोका वाढवणारा तो तुकडा असाच आलेला आहे. डीएनएची सुमारे पन्नास हजार अक्षरं, ओळीनं. क्रोएशियातल्या विंडिया गुहेत सुमारे ५० हजार वर्षांपूर्वीच्या एका निअँडरथाल बाईचं हाड सापडलं होतं. तिच्यातला तुकडा याच्याशी जवळजवळ हुबेहूब जुळला. तो ज्यांच्यात आहे त्यांना रुग्णालयात भरती व्हावं लागण्याची शक्यता दीडपटीच्या थोडी वर. पुढच्या वर्षी ऑक्सफर्डच्या गटानं त्या वस्तीतलं 'एलझेडटीएफएल१' हे जनुक मुख्य संशयित ठरवलं. विषाणूची चाहूल लागली की फुप्फुसाच्या अस्तरातल्या पेशी रूप पालटून त्याला सहजी थारा देत नाहीत. हे जनुक जास्त जोरात चाललं की ते पालटणं मंदावतं.

आता आपल्या भागाकडे. युरोपात हा तुकडा सुमारे १६ टक्के लोकांमध्ये आहे. पूर्व आशियात आणि आफ्रिकेत जवळपास नाहीच. दक्षिण आशियात निम्म्या लोकांमध्ये आहे, आणि बांगलादेशात ६३ टक्क्यांमध्ये. ब्रिटनमधले बांगलादेशी वंशाचे लोक तेव्हा साधारण दुप्पट प्रमाणात दगावत होते. दोन आकडे शेजारी ठेवले की हेडलाइन तयार.

मला ती हेडलाइन खुपते. कारण त्याच ब्रिटनमध्ये, २०२०च्या मे महिन्यात, सरकारी सांख्यिकी कार्यालयानं म्हटलं होतं की वयाचा फरक जमेस धरला तर कृष्णवर्णीय पुरुषांच्या मृत्यूचा धोका गोऱ्या पुरुषांच्या ४.२ पट आहे. आफ्रिकेत तर हा तुकडा जवळपास नाही. मग? राहतं घर, भाग, गरिबी वगैरे हिशेबात घेतल्यावर ४.२चे १.९ झाले. बनारस हिंदू विद्यापीठ आणि हैदराबादच्या सीसीएमबीमधल्या संशोधकांनी २०२१मध्ये भारत आणि बांगलादेशातल्या वेगवेगळ्या लोकसमूहांत या तुकड्याचं प्रमाण आणि करोनाचे आकडे ताडून पाहिले. संबंध दिसला नाही. आपल्याकडे मृत्यूंची मोजणी कशी झाली हे पाहता यानं वाद मिटत नाही, पण तुकड्यावर सगळा भार टाकणाऱ्यानं थांबावं एवढं नक्की.

आणि आपल्याकडे एक जुना हिशेब आहेच. १९१८च्या इन्फ्लुएंझात मुंबई शहरात दर हजारी मृत्यू असे नोंदले गेले: युरोपियन ८.३, सवर्ण हिंदू १८.९, आणि त्या वेळच्या कागदांत ज्यांना 'खालच्या जातीचे हिंदू' म्हटलं आहे त्यांचे ६१.६. शहर तेच, विषाणू तोच. त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता, धान्य महाग झालं होतं. चाळीतल्या एका खोलीत सगळं कुटुंब एकदम तापानं आडवं झालं, तर पाणी द्यायलाही उठणारं कुणी नसे. ६१.६ आणि ८.३ मधली दरी बघायला सूक्ष्मदर्शक लागत नाही.

म्हणजे तो चुलतभाऊ चुकीचा होता असं नाही. थोरल्या काकांमध्ये तो तुकडा असेलही. पण त्यांना बेड मिळायला अठरा तास लागले होते, आणि हे कुठल्याच गुणसूत्रावर लिहिलेलं नव्हतं.

तुकड्याची गोष्ट अजून थोडी उरते. इतका त्रासदायक असेल तर तो आपल्याकडे टिकला कसा, आणि निम्म्या लोकांत पसरला कसा? २०२२मध्ये झेबर्गनं आणखी एक गोष्ट दाखवली. एचआयव्ही पेशीत शिरताना ज्या दाराचा वापर करतो, त्या 'सीसीआर५'चं जनुकही याच परिसरात आहे. निअँडरथालचा तुकडा असलेल्यांमध्ये हे दार कमी प्रमाणात बनतं आणि त्यांना एचआयव्हीची लागण होण्याचा धोका सुमारे २७ टक्क्यांनी कमी असतो. पण एचआयव्ही माणसात आला तो गेल्या शे-सव्वाशे वर्षांत. तुकडा त्याच्या फार आधीपासून इथं वाढत होता. म्हणजे त्यानं आपल्या पूर्वजांना वाचवलं असेल तर दुसऱ्याच कुठल्यातरी साथीतून. सर्वांत दाट प्रमाण बंगालच्या त्रिभुज प्रदेशात आहे, म्हणून काही संशोधकांना पटकीचा संशय येतो.