बांधाचं भांडण

बाप्तिस्म्याचं फार कौतुक झालेलं आजीला खपत नसे. ‘पाणी पडलं म्हणजे पेरणी झाली असं नव्हे,’ म्हणायची. नेवाशाकडच्या कोरडवाहू गावातली ती बाई; तिला दुसरं कसं सुचणार?

अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरला १८३१ साली सुरू झालं आणि १८४२ साली तिथूनच ‘ज्ञानोदय’ निघू लागला. हे आम्ही पुढे पुस्तकांतून वाचलं. थोरल्यांच्या तोंडी मात्र सनावळी नसायची, माणसं असायची. गावोगाव पायी फिरणारे उपदेशक, घराघरांत जाऊन बायकांना वचनं शिकवणाऱ्या बायबलबाई. अक्षरओळख नसलेल्यांना शास्त्र मिळायचं ते कानांनी. कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी एकोणिसाव्या शतकातच नगरकडे ख्रिस्ती कीर्तन उभं केलं होतं. टाळ तोच, आख्यान येशूचं. आजीला उधळ्या पुत्राची गोष्ट तोंडपाठ होती ती अशाच कीर्तनांतून. सांगताना बापाच्या बाजूने भांडायची, थोरल्या भावाला मात्र अजिबात सोडायची नाही.

भाकरी थापायला बसली की पिठातली एक मूठ आधी कोनाड्यातल्या गाडग्यात. रविवारी ते गाडगं देवळात रिकामं व्हायचं. दुष्काळात मूठ लहान झाली, पण चुकली नाही.

पण तिची खरी कसोटी बांधावर लागली. चुलतजावेच्या माणसांनी नांगर हातभर आत घातला, तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. दोघी एकाच मंडळीच्या, एकाच बाजूला बसणाऱ्या. प्रभुभोजनाच्या रविवारी भाकरीचं ताट आजीपर्यंत आलं आणि तिने हात मागे घेतला. पाळकांनी काही विचारलं नाही. पुढच्या आठवड्यात ती गूळ घेऊन जावेच्या दारात गेली. जमीन परत मिळाली नाही. ‘बांध गेला, जाऊ मिळाली,’ एवढंच सांगायची, आणि लगेच जोडायची, ‘राग मात्र वरीसभर होता हो.’

तो वरीसभरचा राग मला मोलाचा वाटतो. माणूस एका प्रार्थनेत बदलत नाही हे नगरच्या मंडळीला ठाऊक होतं, कारण लक्ष्मीबाई टिळकांची कहाणी तिथे घरोघरी सांगितली जायची. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईत झाला, तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्यापासून दुरावल्या. पुढे एकत्र आल्या तरी सोवळं सुटलं नव्हतं. विटाळाची एकेक समजूत गळत गेली आणि मग त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’त हे सगळं त्यांनी स्वतःला हसत हसत लिहिलंय. आजीने ते पुस्तक वाचलेलं नव्हतं, ऐकलेलं होतं.

टिळकांवर मात्र थोरल्यांचं एकमत नसे. बाप्तिस्म्याला वीस वर्षं उलटून गेल्यावर, १९१७ साली, त्यांनी मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही त्यात जागा. आजोबा म्हणायचे, अशाने मंडळीची घडी विस्कटते. आजी म्हणायची, ‘तो अजून शिकत होता, तुमचं शिकून झालं काय?’ १९१९ साली टिळक गेले. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरं राहिलं होतं, ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं.

आता आमच्या पुण्याच्या मंडळीत वर्षभरात बायबल वाचून काढायचं वेळापत्रक मोबाइलवर येतं. माझी मुलगी रोज वाचलेल्या अध्यायांपुढे खूण करते, मलाही ते आवडतं. माझी आई मात्र आजीच्या तालमीतली. अध्याय किती झाले हे ती विचारत नाही. नात घरी आली की चहा ओतता ओतता विचारते, ‘ज्या मैत्रिणीशी अबोला धरलायस, तिला फोन केलास का गं?’