ज्याला कबर नाही, तो कुठून उठेल?

आमच्या चिंचणीच्या किनाऱ्यावर वाढलेल्या पोराला एक गोष्ट लवकर कळते. समुद्र नेलेलं सगळंच परत देत नाही. माझ्या दादीचा धाकटा भाऊ खलाशी होता. गलबतावर गेला तो आलाच नाही. शब-ए-बरातच्या रात्री घरातले पुरुष कब्रस्तानात फातेहा पढायला जायचे, तेव्हा दादी अंगणात समुद्राकडे तोंड करून बसायची. तिचा एकच प्रश्न असे, ‘‘कयामतच्या दिवशी सगळे कबरीतून उठतील म्हणतात. मग ज्याला कबरच नाही, तो कुठून उठेल रे?’’ मौलवीसाहेब सांगायचे, ज्याने पहिल्यांदा घडवलं त्याला पुन्हा घडवणं काय कठीण? दादी मान हलवायची. समाधान झालेलं दिसायचं नाही.

पुढे वाचनाचा नाद लागला तेव्हा कळलं, हाच प्रश्न ख्रिस्ती लोकांना जवळजवळ दोन हजार वर्षं छळत आला आहे. येशू तिसऱ्या दिवशी कबरीतून उठला, तसेच जगाच्या अंती सारे मेलेले सदेह उठतील, ही त्यांची श्रद्धा. आपल्याकडे बरेच जण याला पुनर्जन्म समजतात. पण पुनर्जन्मात कुडी बदलते, नावगाव बदलतं. पुनरुत्थानात उठायचं ते ह्याच माणसाने. म्हणून देहाचं काय करायचं, हा तिथे साधा रीतीभातीचा प्रश्न उरत नाही.

विरोधकांनाही हे नेमकं ठाऊक होतं. इसवी सन 177 मध्ये आजच्या फ्रान्समधल्या लियों गावी रोमन सत्तेने ख्रिस्ती लोकांना हालहाल करून मारलं. प्रेतं सहा दिवस उघड्यावर ठेवली, मग जाळली आणि राख ऱ्होन नदीत लोटून दिली. हेतू एवढाच, की यांना उठण्याची आशाच राहू नये! पुढे पाचव्या शतकात संत ऑगस्टीनने या शंकांना सविस्तर उत्तरं दिली. श्वापदांनी खाल्लेल्यांचं काय, आगीत राख झालेल्यांचं काय, असले प्रश्न त्याने टाळले नाहीत. त्याचं उत्तर साधारण आमच्या मौलवीसाहेबांसारखंच आहे.

तरीही पुरण्याचीच रीत राहिली. रोमच्या कॅथलिक चर्चने 1886 मध्ये दहनाला बंदीच केली. 1963 मध्ये ती उठली. अट अशी, की पुनरुत्थान नाकारण्यासाठी म्हणून कोणी दहन निवडू नये. 2016 मध्ये पुन्हा बजावलं गेलं की राख पवित्र जागी जपून ठेवावी, वाऱ्यावर किंवा समुद्रात उधळू नये. आमच्याच जिल्ह्यातल्या वसईत 2 नोव्हेंबरला कबरींवर फुलं आणि मेणबत्त्या लागतात. ते बघताना मला आमची शब-ए-बरात आठवते.

पण मराठी माणसाने या प्रश्नाला दिलेलं उत्तर पाहायचं तर रेव्हरंड ना. वा. टिळकांकडे जावं लागतं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी 1861 साली चित्पावन घरात जन्मलेले टिळक 10 फेब्रुवारी 1895 रोजी ख्रिस्ती झाले. ते प्रॉटेस्टंट, म्हणजे रोमची बंदी त्यांना लागू नव्हती; पण इथल्या ख्रिस्ती समाजात रीत पुरण्याचीच. 9 मे 1919 रोजी मुंबईत ते वारले आणि त्यांच्याच इच्छेनुसार त्यांचा देह अग्नीला दिला गेला. अस्थी नगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, नेल्या. धर्म नवा घेतला, पण चिता आजोबा-पणजोबांची ठेवली. आणि हे करताना देव आपल्याला राखेतून उठवू शकणार नाही, अशी भीती या भक्ताला वाटली नाही. कवी म्हणून मला त्यांच्या कित्येक कवितांपेक्षा ही कृती मोठी वाटते.

त्यांचं ‘ख्रिस्तायन’ मात्र अपुरं राहिलं. सुरुवातीचे अध्याय त्यांचे. ख्रिस्ताच्या कबरीपर्यंत ते पोचलेच नाहीत. पुढचं बहुतेक काव्य लक्ष्मीबाईंनी रचलं, शेवट मुलगा देवदत्त यांनी केला. ज्या नवऱ्याच्या धर्मांतराने बाईचा संसार मोडला होता, त्याचं अर्धवट पुस्तक तिने वर्षानुवर्षं खपून पुढे नेलं.

संत पौलाने देहाला बियाण्याची उपमा दिली आहे. पेरतो ते एक, उगवतं ते वेगळंच, आणि तरी दाणा त्याच जातीचा. आमच्या भातशेतीवाल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. पण दादीला बियाण्याने भागलं नसतं. तिचा भाऊ मातीत नव्हताच.

दादी 1984 साली गेली. कॉलेजात असताना मी ग्रंथालयातलं मराठी बायबल चाळत होतो. शेवटचं पुस्तक, प्रकटीकरण, त्याचा विसावा अध्याय. न्यायाचा दिवस आलेला असतो, मेलेले उभे असतात, आणि तिथे म्हटलं आहे की समुद्रानेही आपल्यातले मेलेले बाहेर दिले. मृत्यू आणि अधोलोकाच्या आधी समुद्राचं नाव. मी ते पान दोनदा वाचलं. घरी सांगायला दादी नव्हती.