शेतकऱ्यांचा ‘ऱ्’ हरवतो कुठे? लिनक्सवाल्यांच्या एका जुन्या वादाची गोष्ट

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, नाहीतर सेव्ह करून ठेवा.

गेल्या महिन्यात पैठण तालुक्यातला एक ओळखीचा मुलगा घरी आला. त्याच्या आडनावात ‘ऱ्हा’ आहे. एका पोर्टलवर वडिलांच्या नावाची नोंद शोधत होता, सापडत नव्हती. कागदावर नाव बरोबर, स्क्रीनवर टाइप केलेलं नावही बरोबर. खिडकीवरच्या माणसाचं उत्तर ठरलेलं, “तुम्हीच चुकीचं टाकताय.” पोराचे शहरात दोन हेलपाटे झाले होते.

मी तेच आडनाव दुसऱ्या पद्धतीनं टाइप केलं. दिसायला अगदी तेच. नोंद आली.

“सर, केलं काय तुम्ही?” त्यानं विचारलं. त्याला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर सांगतो. कारण हा प्रश्न एका आडनावाचा नाही. शेतकऱ्यांना, कर्मचाऱ्यांना, व्यापाऱ्यांना, जिल्हाधिकाऱ्यांना... सरकारी मराठीत पदोपदी हे अक्षर येतं.

मराठीत अर्धा र दोन तऱ्हांनी लिहितात. एक म्हणजे रफार, पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसणारा. दुसरा अक्षराच्या आधी आडवा बसणारा ‘ऱ्’. इंग्रजी कागदपत्रांत त्याला ‘आयलॅश’, म्हणजे पापणी म्हणतात. हिंदीला त्याची गरज पडत नाही, आपल्याला पडते. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. आचार्यांना बोलावलं तर प्रवचन होईल, आचाऱ्यांना बोलावलं तर जेवण.

आता थोडं मागे जाऊ.

नव्वदच्या दशकात मी औरंगपुऱ्यात डीटीपी करायचो. लग्नपत्रिका, हँडबिलं, निवडणुकीचे जाहीरनामे, प्रबंध. तेव्हाच्या मराठी फॉन्टची गंमत अशी, की कॉम्प्युटरला वाटायचं आपण इंग्रजीच लिहितोय. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असायचे. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. आमच्या दुकानातली फाइल शेजारच्या दुकानात उघडली की नुसता कचरा दिसायचा. ‘ऱ्’ छान छापला जायचा, कारण तो फक्त एक चित्र होता. पण फॉन्ट गेला की मजकूरही गेला. माझ्याकडे आजही फ्लॉपीतून सीडीवर आणि सीडीतून पेनड्राइव्हवर आलेल्या फाइली आहेत. उघडतात, वाचता येत नाहीत.

यावर उपाय शोधणं सरकारी पातळीवर आधीच सुरू झालं होतं. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाली. १९९१ मध्ये ‘इस्की’ हे भारतीय लिप्यांचं संकेतमानक आलं. युनिकोडची पहिली आवृत्तीही १९९१ चीच, आणि तिच्यातली देवनागरी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावर बेतलेली. तिथे ‘र’ च्या शेजारी ‘ऱ’ ला स्वतंत्र जागा मिळाली. पण ती मुळात दाक्षिणात्य भाषांतला कठोर र देवनागरीत लिहिता यावा म्हणून. आपला आडवा र त्या घरात भाडेकरू म्हणून राहायला गेला.

गोंधळाचं मूळ इथे आहे. ‘ऱ्या’ लिहायचे दोन रस्ते तयार झाले. पहिला रस्ता: ऱ, हलन्त, य. दुसरा रस्ता: साधा र, हलन्त, मग शून्य रुंदीचा एक अदृश्य जोडक, मग य. छापल्यावर फरक शून्य. कॉम्प्युटरच्या लेखी दोन वेगळे शब्द.

माझा या प्रकरणाशी संबंध आला तो उबुंटूमुळे. त्या काळात उबुंटूवाले अर्ज केला की सीडी चक्क फुकट घरपोच पाठवायचे. एवढ्या लांबून पोस्टानं पाकीट आलं आणि पैसे द्यावे लागले नाहीत, याचंच दुकानात कौतुक. मी हौसेनं लिनक्स बसवलं आणि मराठी संकेतस्थळ उघडलं. ‘कि’ ची वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन पडलेली, जोडाक्षरं सुटलेली. फाइल एडिटरमध्ये तोच मजकूर मात्र व्यवस्थित दिसत होता.

दोन रात्री घालवल्यावर कारण कळलं. फॉन्टमध्ये नुसते आकार असतात. कोणता आकार कुठे बसवायचा हे ठरवणारा कारागीर वेगळा असतो. आणि लिनक्सवर तेव्हा असे तीन कारागीर होते. ग्नोमचा पँगो, केडीईसाठी क्यूटीचा स्वतःचा आणि ओपनऑफिसमध्ये आयसीयू. एकच फॉन्ट, एकच वाक्य, तीन खिडक्यांत तीन तऱ्हा. फायरफॉक्सच्या काही आवृत्त्यांत तर पँगो चालू करायला टर्मिनलमध्ये एक ओळ लिहावी लागायची. ती लिहिली आणि वेलांटी जागेवर आली. त्या रात्री मी बायकोला उठवून स्क्रीन दाखवली होती. ती म्हणाली, “हे तर आधीपासून असंच असतं ना?” बरोबर आहे तिचं. असायला असंच पाहिजे.

आता त्या वादाबद्दल. लिनक्स वापरणाऱ्यांत कोणत्याही गोष्टीवर एकमत होणं कठीण. पण ‘ऱ्’ च्या बाबतीत दोन्ही बाजूंना दम होता.

एक बाजू म्हणायची, शब्द ‘शेतकरी’ आहे, त्यात साधा र आहे. विभक्ती लागली म्हणून मुळाक्षर बदलतं का? ‘शेतकऱ्यां’मध्येही साधाच र ठेवा, म्हणजे शब्दकोश, अनुक्रम, शुद्धलेखन तपासणी सगळं सरळ राहील.

दुसरी बाजू म्हणायची, तुमचा अदृश्य जोडक भरवशाचा नाही. मजकूर इकडून तिकडे कॉपी केला, एखाद्या प्रोग्रामनं ‘नको असलेली’ चिन्हं साफ केली, की तो गळून पडतो आणि आचारी पुन्हा आचार्य होतो. ‘ऱ’ डोळ्यांना दिसतो, तो असा गळत नाही. शिवाय इनस्क्रिप्ट कीबोर्डवर त्याची जागा आहेच: शिफ्ट धरून र ची कळ, मग हलन्त.

युनिकोडनं तडजोड केली. ‘ऱ’ चा रस्ता मुख्य मानला आणि १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीशी जुळावं म्हणून जोडकाचा रस्ताही चालू ठेवला. दोन्ही लिहा, दोन्ही सारखंच दिसेल. दिसण्याचा प्रश्न सुटला, शोधण्याचा राहिला. पैठणच्या पोराचे दोन हेलपाटे या तडजोडीतून आले.

हे दुखणं आपल्या एकट्याचं नाही. मल्याळममध्ये ‘चिल्लू’ नावाची अक्षरं आहेत, स्वर नसलेली व्यंजनं. तीही आधी हलन्त आणि जोडक लावून लिहायचे. एप्रिल २००८ मध्ये युनिकोड ५.१ आलं आणि चिल्लूंना स्वतंत्र संकेत मिळाले. केरळातल्या मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी याला कडाडून विरोध केला होता. त्यांचा मुद्दा हाच, की एका अक्षराला दोन ओळखी दिल्या तर शोध बिघडेल.

त्याच ५.१ मध्ये मराठीला ‘ॲ’ मिळाला. त्याआधी ॲड., ॲप, ॲम्ब्युलन्स लिहायला अ वर चंद्र चढवावा लागायचा, आणि काही ठिकाणी मध्येच टिंबांचं वर्तुळ उमटायचं. २००९ मध्ये राज्य शासनानं वर्णमालेचा निर्णय काढून ॲ आणि ऑ स्वरांत घेतले. पण आधीच्या काळात लिहिलेला ‘ॲ’ वेगळ्याच संकेतांत पडून आहे. तिथेही तीच कथा.

तिसरा वाद ल आणि श चा. मराठी ल पाकळ्यांचा, हिंदीचा दांडीचा. मराठी श देठाचा, हिंदीचा वेगळा. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकनं घडवलेले आणि रेड हॅटनं २००४ मध्ये खुले केलेले लोहित फॉन्ट लिनक्सवर सगळीकडे पोचले होते. त्यांत हिंदी आणि मराठीसाठी वेगवेगळे फॉन्ट होते. पुढे प्रश्न आला, की लिपी एक असताना फॉन्ट दोन कशाला? एकच ‘लोहित देवनागरी’ झाला आणि मराठी वळणं त्याच्या पोटात ठेवली गेली. मजकुरावर भाषा मराठी अशी खूण असेल तरच ती बाहेर येतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये शासनानंही पाकळीचा ल आणि देठाचा श यांचा आग्रह धरला. पण निर्णयाचं पत्रक काढलं की वळण आपोआप बदलत नाही. पानाच्या आत ‘भाषा: मराठी’ ही खूण कोणीतरी लिहावी लागते. आपल्या आवडत्या संकेतस्थळावर हिंदी ल दिसत असेल, तर बहुतेक वेळा ती खूणच नसते.

ते तीन कारागीर? त्यांची जागा हळूहळू एकानं घेतली. बेहदाद इस्फाहबोद या इराणी वंशाच्या अभियंत्यानं हार्फबझ नव्यानं लिहिलं. २०१२-१३ च्या सुमारास पँगो, लिबरऑफिस सगळे त्याच्याकडे वळले. नाव फारसी आहे. हर्फ म्हणजे अक्षर, बाज़ म्हणजे खुलं. वली दख्खनीच्या शहराला ‘हर्फ’ हा शब्द समजावून सांगायला नको. इराणचं डोकं, पुण्याचे फॉन्ट आणि आपली बाराखडी. आज फायरफॉक्स आणि क्रोमपासून अँड्रॉइडच्या फोनपर्यंत हार्फबझच अक्षरं जुळवतं.

आता मुद्द्याचं. डेबियन या लिनक्स वितरणानं १९९७ मध्ये एक सामाजिक करार स्वीकारला. त्यातलं एक वचन आहे, की आम्ही अडचणी लपवणार नाही. चुकांची यादी सगळ्यांसमोर असते. औरंगपुऱ्यातला डीटीपीवालाही तिथे लिहू शकतो, “मराठीत हे तुटतंय.” त्यावर कोणीतरी वाद घालतो, कोणीतरी दुरुस्त करतं, आणि ते का केलं हे पंधरा वर्षांनीही वाचता येतं. आपल्या खिडकीवर काय मिळतं? “सर्व्हर डाऊन आहे.” “तुमचंच चुकतंय.”

मी लिनक्स वापरा म्हणून ही पोस्ट लिहीत नाही. ज्याला जे चालतं ते वापरावं. माझ्या मागण्या साध्या आहेत.

१. सरकारी नोंदींत ‘ऱ्’ आणि ‘ॲ’ एकाच ठरलेल्या संकेतात साठवा. जुन्या नोंदी प्रोग्राम लावून बदलता येतात.
२. तोवर शोधताना दोन्ही रूपं सारखी धरा. हे काम प्रोग्रामरच्या एका दुपारचं आहे.
३. प्रत्येक पोर्टलवर चुका नोंदवायची जागा द्या, आणि नोंदवलेल्या चुका सगळ्यांना दिसू द्या.
४. जुन्या फॉन्टमध्ये अडकलेले दस्त आत्ताच युनिकोडमध्ये आणा. २०२३ मध्ये शहराचं नाव अधिकृतपणे बदललं, तेव्हा युनिकोडमधल्या फाइलींत ते एका आज्ञेत बदलता आलं. जुन्या फॉन्टमधल्या फाइली आधी उघडायच्या कशा, इथूनच सुरुवात.

आणि तुमच्या आडनावात, गावाच्या नावात ऱ् असेल आणि नोंद सापडत नसेल, तर आधी दुसऱ्या कीबोर्डनं टाइप करून बघा. फोनवर एका ॲपनं, मग दुसऱ्यानं. सापडलं तर स्क्रीनशॉट काढून संबंधितांना लेखी कळवा आणि खाली कमेंटमध्येही टाका. मी यादी करतोय. पैठणच्या त्या मुलाचा अर्ज पहिला आहे.