गंज वर दिसत नाही

परवा अकोल्याहून मित्राचा फोन. "अमरावतीत जुनी टू-सीटर पाह्यली. फायबरची बॉडी, गंजाचा ठिपका नाही बे!" तीन वर्षांची बचत ओतायला निघालेला. म्हटलं, थांब जरा.

१९६२ साली कॉलिन चॅपमनच्या लोटसनं एलान आणली. वजन ७०० किलोच्या आत, कारण वर फायबरग्लास आणि आत पोलादी पत्र्याचा एकच कणा. फायबर गंजत नाही, कणा गंजतो. गुपचूप. १९८० च्या सुमारास लोटसनं चासीवर जस्ताचा थर दिला तो उगाच नाही. आपल्याकडची सॅन स्टॉर्मही फायबरचीच.

तेव्हा पेंट नंतर बघ. आधी गाडी रॅम्पवर चढव आणि टॉर्च घेऊन खाली शीर. रविवारी चाललाय. बघू!