मांजराला डायबिटीस झालाय? पहिल्या काही आठवड्यांत घरी काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही

घरातला बोका पाण्याच्या वाटीवरून हलेना. लिटर बॉक्समधली माती पूर्वी दोन-तीन दिवस पुरायची, आता रोज बदलावी लागतेय. खाणं तर वाढलंय, पण पाठीवरून हात फिरवला की मणके हाताला लागतायत. घरचे म्हणतात, "वय झालं त्याचं." मग एक दिवस डॉक्टर रक्त-लघवी तपासतात आणि सांगतात, याला डायबिटीस आहे, उद्यापासून दिवसातून दोनदा इन्सुलिन द्यावं लागेल.

अशा वेळी पहिला प्रश्न पडतो, मांजरालापण शुगर होते? दुसरा प्रश्न सहसा कुणी मोठ्याने विचारत नाही. हे आपल्याला जमणार आहे का?

होते, आणि जमतं. पण काही चुका अशा आहेत की त्या एकदाच होतात. म्हणून नीट वाचा.

मांजराला शुगर होते म्हणजे नेमकं काय होतं?

मांजरांचा डायबिटीस माणसांच्या टाइप २ च्या जवळ जाणारा असतो. शरीर इन्सुलिनला दाद देत नाही आणि जास्तीचं इन्सुलिन बनवून बनवून स्वादुपिंड थकतं. मध्यम वयाच्या पुढची, वजन वाढलेली, दिवसभर घरातच असणारी मांजरं आणि त्यातही नसबंदी झालेले बोके यांना धोका जास्त. खाज किंवा दम्यासाठी स्टिरॉइडची इंजेक्शनं झाली असतील तर त्यानेही साखर वाढू शकते, त्यामुळे ती गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगा.

निरोगी मांजराची साखर साधारण ७० ते १५० च्या आसपास असते. ती २५०-३०० च्या पुढे गेली की मूत्रपिंडाला अडवता येत नाही, साखर लघवीत उतरते आणि जाताना पाणी ओढून नेते. तहान लागते ती म्हणून. पेशींना साखर मिळत नाही म्हणून भूक वाढते आणि शरीर स्वतःचं स्नायू-मांस जाळायला लागतं. काही मांजरं मागचे पाय टाचेपर्यंत जमिनीला टेकवून चालायला लागतात. साखरेने नसांवर परिणाम झाल्याची ही खूण आहे. साखर आटोक्यात आली की हे बऱ्याचदा सुधारतं, पण वेळ लागतो.

एक गंमत म्हणजे मांजर घाबरलं तरी त्याची साखर वाढते. पिशवीत घालून रिक्षातून नेलेल्या, शेजारी भुंकणारा कुत्रा बघितलेल्या निरोगी मांजराचा आकडासुद्धा ३०० च्या घरात जाऊ शकतो. त्यामुळे फक्त एका आकड्यावर निदान होत नाही. लघवीतली साखर बघतात, किंवा फ्रुक्टोसामाइन नावाची तपासणी करतात, जिच्यातून मागच्या साधारण दोन आठवड्यांचा अंदाज येतो.

लाल टोपी की नारिंगी टोपी?

आता सगळ्यात महत्त्वाचं. भारतात इन्सुलिन दोन तीव्रतेचं मिळतं. एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेलं आणि १०० युनिट असलेलं. दोन्हीच्या सिरिंज वेगळ्या. ४० वाल्या सिरिंजची टोपी लाल, १०० वालीची नारिंगी. मांजरांना बऱ्याचदा माणसांचंच ग्लार्जिन इन्सुलिन दिलं जातं आणि त्याची कुपी १०० ची असते. मेडिकलवाल्याने सवयीने लाल टोपीची सिरिंज दिली आणि तुम्ही तिच्यात १ च्या खुणेपर्यंत ग्लार्जिन भरलं, तर आत प्रत्यक्षात अडीच युनिट जातात. चार किलोच्या जिवाला हा फरक जिवावर बेतू शकतो. उलट चूक झाली तर एका युनिटऐवजी ०.४ युनिट जाईल आणि साखर का उतरत नाही याचा घोळ आठवडाभर चालेल.

कुपीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा जुळतोय का, हे प्रत्येक नव्या खरेदीला बघा. मांजरांचा डोस बहुतेक वेळा एखाद्या युनिटपासून सुरू होतो, त्यामुळे अर्ध्या युनिटच्या खुणा असलेली ०.३ मिलिलिटरची सिरिंज मिळाली तर उत्तम. डोस किती ते डॉक्टरच ठरवणार. आणि हो, घरातल्या आजोबांच्या शुगरच्या गोळ्या मांजराला द्यायच्या नाहीत. अर्धी नाही, पावही नाही.

इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवायचं, पण फ्रीझरला चिकटून नाही. एकदा गोठलेली कुपी टाकूनच द्यायची. उन्हाळ्यात तासन्‌तास वीज जाते अशा गावात असाल तर ओल्या मातीच्या मडक्यात ठेवण्याची जुनी पद्धत तात्पुरती कामी येते.

सुई टोचायची कशी?

लोकांना सगळ्यात जास्त भीती याची असते आणि आठवड्याभरात सगळ्यात सोपं वाटायला लागतं तेही हेच. सुई अगदी बारीक असते. बहुतेक मांजरांना कान तपासलेला जास्त खुपतो.

जेवण पुढे ठेवा. त्याने दोन-चार घास खाल्ले, म्हणजे भूक आहे हे कळलं. मग मानेच्या मागची किंवा कुशीवरची कातडी चिमटीत वर उचला, तंबूसारखी. त्या तंबूच्या बुडाशी सुई आत सरकवा, दाबा, काढा. जागा रोज थोडी बदला. सुई दुसऱ्या बाजूने बाहेर आली तर औषध केसांत सांडतं. हात लावून बघा, ओलं लागेल आणि दवाखान्यासारखा वास येईल. अशा वेळी "थोडं गेलं असेल, थोडं परत देऊ" असं करायचं नाही. तो डोस सोडून द्यायचा. एक डोस चुकल्याने मांजर मरत नाही, दोनदा दिल्याने मरू शकतं.

याच कारणासाठी किचनमधल्या कालनिर्णयवर सकाळ-संध्याकाळची टिक करायची सवय लावा. आईने सात वाजता दिलं, मुलाने आठ वाजता "आज राहिलंच" म्हणून परत दिलं, असा प्रकार घराघरांत होऊ शकतो. दोन डोसमध्ये बारा तासांचं अंतर हवं. ऑफिसच्या वेळा बघून सात-सात किंवा आठ-आठ ठरवा. तास-अर्धा तास मागेपुढे चालतं.

मांजराने जेवायलाच नकार दिला तर नेहमीचा डोस देऊ नका, आधी डॉक्टरांना फोन करा. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत बंद करा. कचरा गोळा करणाऱ्या ताईंच्या हाताला त्या लागता कामा नयेत.

दूधभात बंद?

हो, बंद. मांजर हा पक्का मांसाहारी प्राणी. त्याला गोड चव कळतच नाही, कारण त्या चवीचं जनुक मांजरांमध्ये निकामी आहे. दूधभात, पोळी, बिस्किटं त्याने आवडीने खाल्ली तरी त्याच्या शरीराला पिठूळ पदार्थ पेलत नाहीत. कोरड्या खाद्यातही पिठाचं प्रमाण बऱ्यापैकी असतं. प्रथिनं जास्त आणि कर्बोदकं कमी असलेलं ओलं खाद्य डायबिटीसच्या मांजराला चांगलं. फक्त उकडलेलं चिकन किंवा फक्त मासे यांवरही ठेवू नका. टॉरिनसारखे घटक कमी पडले तर हृदयाला आणि डोळ्यांना त्रास होतो.

पण इथे एक खोच आहे. इन्सुलिन चालू असताना खाणं एका रात्रीत बदललं तर साखर झपकन उतरू शकते आणि कालचा डोस आज जास्त ठरतो. बदल डॉक्टरांना सांगून, हळूहळू आणि साखर मोजत करा. आणि उपाशी ठेवून बारीक करायला जाऊ नका. जाड मांजर काही दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साठून वेगळंच संकट उभं राहतं.

घरी साखर मोजता येते का?

येते, कानाच्या कडेवरून. मोज्यात तांदूळ भरून कोमट करा आणि कानाला थोडा शेक द्या, म्हणजे रक्त लवकर येतं. मागे कापसाचा बोळा धरा, कडेला टोचा, थेंबाला स्ट्रिप लावा. लगेच आवडीचा खाऊ. माणसांचा ग्लुकोमीटर मांजराच्या रक्तात खऱ्यापेक्षा थोडा कमी आकडा दाखवतो, म्हणून कुठलं मशीन वापरता ते डॉक्टरांना सांगा आणि मशीन सारखं बदलू नका. माणसांच्या दंडावर लावतात तो १४ दिवसांचा सेन्सरही काही डॉक्टर केस काढून मांजराला लावतात. मांजरं तो लवकर उपटतात, हा भाग वेगळा.

डोस नीट बसतोय का हे बघायला एखाद्या रविवारी दर दोन तासांनी, असं बारा तास मोजतात. साखर किती खाली जाते आणि कधी, हे त्यात दिसतं. रोजचा आकडा बघून स्वतः डोस वाढवणं ही नव्या पालकांची नेहमीची चूक. नव्या डोसला स्थिरावायला पाच-सात दिवस तरी लागतात.

साखर एकदम उतरली तर?

आकडा ६० च्या खाली, किंवा मांजर झोकांड्या खातंय, थरथरतंय, एकटक बघतंय, वेड्यासारखं खायला मागतंय. शुद्धीत असेल तर लगेच खायला द्या. खात नसेल किंवा झटके येत असतील तर मध किंवा साखरेचा घट्ट पाक बोटाने हिरड्यांना चोळा. तोंडात ओतू नका, श्वासनलिकेत जाईल. झटक्यात दात लागतात, बोट सांभाळा. मग दवाखाना गाठा. पाच मिनिटांत तरतरीत झालं तरी जा, कारण आधी दिलेलं इन्सुलिन अजून काही तास काम करत राहणार आहे. मधाची छोटी बाटली इन्सुलिनच्या शेजारीच ठेवा.

दुसरी टोकाची स्थिती म्हणजे खाणं बंद, उलट्या, मलूल पडणं. लघवीच्या पट्टीवर कीटोन दिसले तर सकाळची वाट बघू नका.

गणपतीला गावी जायचं असेल तर?

हा प्रश्न साधा वाटतो, पण बऱ्याच घरांत खरी अडचण इथेच येते. शेजारच्या काकूंना आधी आठवडाभर तुमच्यासमोर सुई द्यायला शिकवा. नुसतं तोंडी सांगून जाऊ नका. ते शक्य नसेल तर जिथे जनावरांचे डॉक्टर आहेत अशा बोर्डिंगमध्ये ठेवा. बरोबर नेणार असाल तर इन्सुलिन थर्मासमध्ये घ्या. बर्फ कुपीला थेट लागू देऊ नका.

हे आयुष्यभर करावं लागतं का?

दरवेळी नाही. निदान लवकर झालं, साखर पहिल्या काही महिन्यांत आटोक्यात आली आणि खाणं बदललं तर काही मांजरांचं इन्सुलिन पूर्ण बंद होतं. इन्सुलिनशिवाय चार आठवडे साखर नॉर्मल राहिली तर डॉक्टर त्याला रेमिशन म्हणतात. अमेरिकेत २०२२ आणि २०२३ मध्ये मांजरांसाठी बेक्साग्लिफ्लोझिनची गोळी आणि व्हेलाग्लिफ्लोझिनचं तोंडाने द्यायचं औषध मंजूर झालं. पण आधीपासून इन्सुलिनवर असलेल्या मांजरांसाठी ती नाहीत, आणि त्यांच्यावर असताना साखर नॉर्मल दिसत असूनही कीटोन वाढू शकतात.

रेमिशनमध्ये गेलेला बोका पुन्हा डायबिटीसकडे वळू शकतो. तेव्हा ग्लुकोमीटर माळ्यावर टाकू नका, दूधभाताची वाटी परत काढू नका, आणि पाण्याची वाटी रोज किती रिकामी होतेय यावर नजर ठेवा.